अंचई आणि चीटिंग

संध्याकाळी साडेपाचचा सुमार. चाळीच्या मागच्या बोळात भिंतीवर खडूने तीन रेघा ओढल्या आहेत. ते स्टंप. पलीकडच्या टोकाला एक चप्पल ठेवली आहे. ती बोलरची क्रीज. नियम वन टप्पी आउटचा. बॅटवाल्या पोराने चेंडू हलकेच ढकलला, तो उसळला आणि गटाराच्या जाळीपाशी उभ्या असलेल्या पोराने एका हाताने उचलला. "आउट!" "हट्, दोन टप्पे पडले!" "एकच!" "दोन, आईशप्पथ!" शपथेनंतर क्षणभर कोणी बोलत नाही. मग त्या घोळक्यातल्या सगळ्यांत लहान पोराच्या तोंडून तो शब्द फुटतो, "चीटिंग! चीटिंग!" आणि बघता बघता सगळा बोळ त्याच एका शब्दाने दणाणतो.

दादरच्या बोळात, नागपूरच्या मोहल्ल्यात, पणजीच्या मैदानात हा शब्द असाच ऐकू येतो. तो पोरांना कोणी शिकवलेला नसतो. ज्याला इंग्रजी वाक्य धड जुळवता येत नाही, त्यालाही 'चीटिंग' नेमकं कुठे ओरडायचं ते पक्कं ठाऊक असतं. ओरडताना आवाज चिरतो, डोळ्यांत पाणी तरळतं, मुठी आवळल्या जातात. परक्या भाषेतला शब्द इतक्या आतून यावा, याचं नवल वाटतं. तो आला कुठून, हे शोधायला निघालं की वाट थेट मध्ययुगीन इंग्लंडमधल्या एका सरकारी दप्तरात जाऊन पोचते.

त्या काळी इंग्लंडातली सगळी जमीन अखेर राजाची मानली जाई. सरदार ती राजाकडून धारण करीत, त्यांच्याकडून लहान जमीनदार. एखादा जमीनधारक वारस न ठेवता मेला किंवा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला, तर त्याची जमीन वरच्या धन्याकडे परत जाई. या परत जाण्याला 'एस्चीट' म्हणत. शब्द जुन्या फ्रेंचमधला, आणि त्याच्याही मुळाशी 'पडणे' या अर्थाचा लॅटिन धातू. म्हणजे जमीन कोणी घेतली असं म्हणायचं नाही. पिकलेलं फळ गळून अंगणात पडावं, तशी ती धन्याच्या पदरात पडली म्हणायचं.

हे पडलेलं फळ वेचायला राजाचा अधिकारी नेमलेला असे. त्याचं नाव 'एस्चीटर'. राजाकडून थेट जमीन धारण करणारा कोणी मेला की हा गावात येई, आसपासच्या माणसांना पंच म्हणून बसवी आणि ठरलेले प्रश्न विचारी. कोण मेला? कधी? जमीन किती, तिचं उत्पन्न किती? वारस कोण आणि त्याचं वय काय? वारस अज्ञान असेल तर त्याचं आणि त्याच्या जमिनीचं पालकत्व राजाकडे जाई, म्हणून वयाच्या प्रश्नाला फार मोल. या चौकश्यांचे कागद लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आजही जपलेले आहेत.

त्यातले वयाच्या पुराव्याचे कागद वाचताना गंमत वाटते आणि पोटात कालवतंही. जन्मनोंद नसलेला तो काळ. वारस एकवीस वर्षांचा झाला हे सिद्ध करायला गावातली वयस्क माणसं साक्षीला येत. एक सांगे, त्याचं बारसं झालं त्याच दिवशी मी घोड्यावरून पडलो आणि माझा पाय मोडला, म्हणून लक्षात आहे. दुसरा सांगे, त्याच आठवड्यात माझ्या घरी मुलगी झाली. तिसऱ्याचं घर त्या दिवशी जळालेलं. गावाच्या सुखदुःखांचा केवढा हा गोफ! पण इतिहासकारांनी असे पुष्कळ कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा ध्यानात आलं की वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या वर्षी, जवळपास त्याच शब्दांत तेच पाय मोडले आहेत. लेखनिकापाशी जणू साच्यातल्या आठवणी तयार होत्या. एस्चीटरच्या दप्तरात साक्षही कधी कधी अशी साच्यातून काढलेली असे.

या अधिकाऱ्याबद्दल लोकांना काय वाटत होतं, ते भाषेनेच नोंदवून ठेवलं. बोलता बोलता 'एस्चीटर'चं पहिलं अक्षर झिजून गेलं आणि 'चीटर' उरलं. वारस असताना नाही म्हणणारा, दुसऱ्याचं घेऊन 'हे राजाकडे पडलं' म्हणणारा, तो चीटर. शेक्सपिअरच्या 'द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर'मध्ये फॉल्स्टाफ दोन सधन घरच्या बायकांच्या पैशांवर डोळा ठेवून स्वतःला त्यांचा चीटर म्हणवून घेतो, तेव्हा त्या शब्दात सरकारी अंमलदार आणि लुबाडणारा हे दोघेही एकदमच उभे असतात. प्रेक्षकांना दोन्ही अर्थ कळत असणार, एरवी ती कोटी उभीच राहिली नसती.

त्याच शतकात लंडनच्या चोर-भिकाऱ्यांच्या गुप्त बोलीतही हा शब्द सापडतो. थॉमस हरमन नावाच्या गृहस्थाने १५६० च्या दशकात भटक्या भामट्यांवर पुस्तक लिहिलं आणि शेवटी त्यांच्या शब्दांची यादी जोडली. त्या बोलीत 'चीट' म्हणजे नुसती 'वस्तू'. डुक्कर म्हणजे घुरघुरणारी चीट, नाक म्हणजे वास घेणारी चीट, जीभ म्हणजे बडबडणारी चीट. जगातली प्रत्येक गोष्ट उचलून नेण्याजोगी आहे, असं मानणाऱ्या माणसाने केलेला हा शब्दकोश. राजाच्या अंमलदाराचा शब्द आणि चोराचा शब्द एकाच रूपात एकाच शहरात नांदत होते. जुगाऱ्यांचे खोटे फासेही त्याच नावाने ओळखले जात.

इथून पुढे ही गोष्ट आपल्या मुलखात येते, आणि ती इंग्रजीच्या तासाला शिकवली जात नाही.

५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. पोटी मूल नव्हतं. मृत्यूपूर्वी त्यांनी शास्त्राप्रमाणे दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचं मत राज्य चालू ठेवावं असं होतं. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने ते मानलं नाही. दत्तक अमान्य, म्हणजे वारस नाही. वारस नाही, म्हणजे राज्य सार्वभौम सत्तेकडे. झाशीचे गंगाधरराव नेवाळकर नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले. त्यांनीही आदल्या दिवशी दामोदररावांना दत्तक घेतलं होतं. पुढच्याच महिन्यात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले गेले. १८५४ साली झाशी आणि नागपूर दोन्ही गेली. नागपूरच्या राजवाड्यातलं जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात काढलं.

या धोरणाचं इंग्रजी नाव 'लॅप्स'. त्याचंही मूळ लॅटिन, आणि अर्थ घसरणं, गळून पडणं. एस्चीट म्हणजे पडणं, लॅप्स म्हणजेही पडणं. पाचशे वर्षांनंतर, हजारो कोसांवर, पुन्हा तोच शब्दखेळ. सातारा कोणी घेतला नव्हता. तो आपोआप घसरून कंपनीच्या पदरात पडला होता! पण दत्तकपुत्राला मांडीवर बसवून, होम करून, भटभिक्षुक आणि आप्तेष्टांच्या साक्षीने वारस केलेल्या घराला 'तुम्हाला वारस नाही' असं सांगायचं, हे ज्या शब्दाने करता आलं, त्या शब्दाला चीटिंग म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? त्याआधी १८३९ मध्ये साताऱ्याच्याच गादीवरून पदच्युत झालेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले होते आणि दहाहून अधिक वर्षं तिथे झगडले होते. त्या झगड्याचा निकाल लागला नाही, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दुसरा घाव बसला.

मराठीने या घटनेला आपला शब्द लावला: संस्थान 'खालसा' झालं. हाही मुळात महसुली दप्तरातलाच शब्द. खालसा जमीन म्हणजे थेट सरकारच्या ताब्यातली जमीन. पण लोकांच्या तोंडी त्याचा रंग पालटला. आज फराळाचा डबा उघडल्यावर तळाशी नुसता चुरा दिसला की घरातली बाई म्हणते, "लाडू सगळे खालसा!" अंमलदार आपल्या कृत्याला सभ्य नाव देतो, ज्यांचं गेलं ते त्याच नावात आपलं दुखणं भरतात. इंग्लंडातल्या कुळांनी चीटरचं जे केलं, तेच मराठी माणसांनी खालसाचं केलं.

चीटिंगला आपल्याकडे कायद्याचं घर मिळालं ते १८६० साली. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली दंडसंहिता त्या वर्षी मंजूर झाली. तिच्या ४१५ व्या कलमात चीटिंगची व्याख्या होती आणि ४२० व्या कलमात शिक्षा, सात वर्षांपर्यंत. तो आकडा इतका लोकप्रिय झाला की १९५५ साली राज कपूरने आपल्या चित्रपटाचं नाव 'श्री ४२०' ठेवलं, आणि 'चारसौबीस' ही कुणालाही हासडता येणारी शिवी झाली. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली. तिथे तो गुन्हा ३१८ व्या कलमात गेला आहे. पण वडाच्या पारावर अजून कोणी कुणाला 'तीनशे अठरा' म्हटल्याचं ऐकिवात नाही.

जुन्या ४१५ व्या कलमाखाली उदाहरणं दिली होती. त्यांतलं एक नीळ-व्यापारातलं. एकाने दुसऱ्याला सांगितलं, नीळ देतो, आणि त्या भरवशावर आगाऊ पैसे घेतले. पैसे घेताना देण्याचा विचारच नसेल तर ते चीटिंग. पण घेताना देण्याचा विचार होता आणि पुढे दिली नाही, तर तो करारभंग. दाद दिवाणी कोर्टात मागायची. माल तोच, पैसे तेच, नुकसानही तेच. फरक एवढाच की पैसे हातात पडले त्या क्षणी मनात काय होतं. कायद्याने इथे माणसाच्या मनाच्या दाराशी कान लावला आहे. बोळातला पोरगाही 'आईशप्पथ' म्हणायला लावून हेच तपासत असतो: तुला खरंच दोन टप्पे दिसले का?

या कलमाचं सरकारी मराठी भाषांतर 'ठकवणूक' असं होतं. शब्द चपखल आहे, आणि त्याच्या पोटात एक उलटा प्रवास दडला आहे. ठक म्हणजे मुळात लपवणारा, फसवणारा. वाटसरूंशी गोड बोलून, सोबत चालून, विश्वास संपादन करून मग गळ्याला रुमाल लावणारे ते ठग. त्यांच्याबद्दल कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी लिहिलं, फिलिप मेडोज टेलरने १८३९ मध्ये कादंबरी लिहिली, आणि 'ठग' इंग्रजीत गेला. पण तिथे गेल्यावर त्याच्यातली फसवणूक गळाली आणि नुसता दांडगावा उरला. आज इंग्रजीत ठग म्हणजे मारामारी करणारा गुंड. त्यांचा चीट आपल्याकडे आला, आपला ठक त्यांच्याकडे गेला, आणि दोघांनीही सामानातलं काहीतरी वाटेत टाकलं.

एकच वेलांटी बदलली तर आणखी एक शब्द हाती येतो, 'चिट'. चिट फंडातला. तो मात्र आपल्या चिठ्ठीपासून इंग्रजीत गेलेला, अगदी सोज्वळ कुळाचा. पण भिशीत पैसे भरून हात पोळलेल्या माणसाला हे कसं पटवावं? दारात उभं राहून ज्याने ओळखीच्या माणसाकडे महिन्यामागून महिने हप्ता दिला, त्याच्या कानाला दोन्ही शब्द एकच ऐकू येतात.

मराठीत फसवण्याचे शब्द काही कमी नाहीत. टोपी घालणं, शेंडी लावणं, गंडा घालणं, चुना लावणं, तोंडाला पानं पुसणं, केसाने गळा कापणं. प्रत्येकात एक चित्र आहे आणि प्रत्येक घाव शरीरावर कुठेतरी बसतो: डोक्याला, तोंडाला, गळ्याला. या सगळ्यांत साधा आणि खोल शब्द मात्र 'फसणं'. चिखलात पाय फसतो. काढायला जावं तर दुसराही जातो. या फसण्याचंच 'फसवणं' झालं. इंग्रजीतला चीट घेणाऱ्याच्या हाताकडे बघतो. मराठीतलं फसणं ज्याचा पाय रुतला त्याच्याकडे बघतं. म्हणून 'मी फसलो' या दोन शब्दांत जी लाज, जो स्वतःवरचा राग आणि जी असहायता आहे, ती 'मला चीट केलं' यात उतरत नाही. बँकेच्या नावाने आलेल्या फोनवर ओटीपी सांगून बसलेले आजोबा चार दिवस घरात कुणाशी बोलत नाहीत. ते 'मला फसवलं' म्हणत नाहीत, 'मी फसलो' म्हणतात. त्यांना त्या वेळी पहिली गरज असते ती दोष तुमचा नव्हता, हे जवळ बसून सांगणाऱ्या माणसाची.

आणि तरी याच चीटला अलीकडे एक निरागस रूपही आलं आहे. संगणकाचे शॉर्टकट एका पानावर लिहिलेले असतात, त्याला 'चीट शीट' म्हणतात, आणि कचेरीतले वरिष्ठ ते स्वतः वाटतात. आपल्याकडे परीक्षेतल्या गैरप्रकाराला 'कॉपी' हाच शब्द रूढ, त्यामुळे चीट शीटवर तो डाग पडला नाही. आहार पाळणारी तरुण मंडळी आठवड्यातून एकदा 'चीट डे' पाळतात. पुरणपोळीवर तुपाची धार धरत नात हा शब्द उच्चारते, तेव्हा आजीला आपली 'एकादशी अन् दुप्पट खाशी' आठवते.

व्हिडिओ गेममधला एक प्रसिद्ध 'चीट कोड' तर एका माणसाच्या अडचणीतून जन्मला. काझुहिसा हाशिमोतो हे जपानच्या कोनामी कंपनीतले विकासक. 'ग्रॅडियस' हा खेळ घरच्या यंत्रावर आणण्याचं काम त्यांच्याकडे होतं. तपासणीसाठी तो शेवटपर्यंत खेळणं भाग होतं, आणि तो त्यांनाच जमेना. मग त्यांनी बटणांचा एक क्रम ठरवला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी आणि ए. तो दाबला की खेळाडूला सगळी आयुधं एकदम मिळत. काम झाल्यावर तो क्रम काढून टाकायचा राहिला. १९८६ साली खेळ बाजारात गेला आणि तो क्रम जगभरच्या मुलांनी पाठ केला. खेळ करणाऱ्यानेच मागचं दार उघडं ठेवलं आणि मुलं त्यातून आनंदाने आत शिरली. याला फसवणूक कोण म्हणेल?

आपल्या मैदानात असं उघडं दार फार पूर्वीपासून आहे. त्याचं नाव कच्चा लिंबू. धाकटा भाऊ सोबत आणलाच आहे, त्याला घ्यायलाच हवं. मग तो आउट झाला तरी आउट नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. त्याच्यासाठी नियम मोडला जातो, पण सगळ्यांच्या संमतीने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यावर कोणी चीटिंग म्हणून ओरडत नाही.

डच इतिहासकार योहान हाउझिंगाने १९३८ मध्ये खेळावर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने खेळात लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा अशी दोन माणसं वेगळी काढली. लबाडी करणारा निदान नियम मानल्याचा देखावा करतो. खेळ मोडणारा खेळाचं जगच उधळून लावतो, म्हणून मंडळी त्याच्यावर जास्त चिडतात. हे वाचताना चाळीतला प्रत्येक माणूस मान डोलावेल. "बॅट माझी, मी चाललो" म्हणणारं पोर कुणाच्या लहानपणी नव्हतं? त्याच्या पाठीमागे सगळी पोरं सुरात ओरडत, 'रडीचा डाव!' आणि जो टप्पे खोटे मोजायचा, क्रीजवरची चप्पल पायाने सरकवायचा, त्याच्यासाठी वेगळा शब्द होता: 'अंचई'. "ए, अंचई करू नकोस!" त्यात राग होता, पण शेवट नव्हता. अंचई करणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला यायचा आणि त्याला घेतलंही जायचं.

हा शब्द आज किती तोंडांत उरला आहे? साठीपुढच्या माणसाला विचारलं तर चेहरा उजळतो. त्याच्या नातवाला विचारलं तर तो विचारतो, म्हणजे काय? अंचईला वारस नाही. चाळीतल्या बोळात तिची जी थोडीशी जमीन होती, ती चीटिंगकडे पडली.

भारताच्या संविधानात २९६ वं कलम आहे. वारस वा धनी नसलेली जी मालमत्ता पूर्वी राजाकडे गेली असती, ती आता राज्याकडे किंवा संघराज्याकडे जाईल, असं ते सांगतं, आणि त्याच्या इंग्रजी पाठात 'एस्चीट' आणि 'लॅप्स' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी उभे आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं २९ वं कलमही याच विषयाचं. त्यात एक अट आहे: बिनवारस मालमत्ता सरकारने घ्यावी, पण वारसाला जी देणी आणि जबाबदाऱ्या आल्या असत्या, त्या सगळ्यांसकट घ्यावी. चीटरच्या जुन्या दप्तरापासून इथवर येताना एवढी सुधारणा झाली, ही लहान गोष्ट नव्हे.

शब्दांच्या बाबतीत मात्र असं कलम नाही आणि सरकारी अंमलदारही नाही. तिथे वारस नेमायचा तो आपणच. तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडं घरी आली की त्यांना बोळात घेऊन जा, भिंतीवर तीन रेघा ओढा, आणि टप्पा एक पडला की दोन यावरून भांडण जुंपलं की तुमच्या लहानपणीचा शब्द ओरडून बघा. पोरं थबकतील आणि विचारतील, 'अंचई' म्हणजे काय? तेव्हा त्यांना सांगा.